जुना नंबर काय होता?

१ जुलै २०२४ पासून देशातलं कलम १४४ वेगळं आहे. 'गावात एकशे चव्वेचाळीस लागलंय' हे वाक्य कायद्याचं पुस्तक कधीही न उघडलेल्या माणसांच्या तोंडात बसलेलं होतं. जमावबंदी असं वेगळं म्हणावं लागायचं नाही, आकडा पुरायचा. त्या दिवशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जमावबंदीचा अधिकार कलम १६३ मध्ये गेला. १४४ हा क्रमांक मात्र रिकामा राहिला नाही. नव्या संहितेत तिथे पत्नी, मुलं आणि आईवडील यांच्या पोटगीचं कलम आहे, जे पूर्वी १२५ होतं.

यातली पहिली गोष्ट मला चालते, दुसरी खुपते. एखादी तरतूद एका क्रमांकावरून उठून दुसऱ्यावर गेली, तर माणूस जुन्या जागी शोधतो, सापडली नाही की विचारतो आणि शिकतो. पण जुन्या जागी वेगळीच तरतूद येऊन बसली असेल, तर आपण चुकलोय हेच त्याला कळत नाही. ४८२ चं तसंच झालं. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. खोटा गुन्हा रद्द करून घ्यायला लोक त्याखाली जायचे. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अटकपूर्व जामीन आधी ४३८ होता आणि अंगभूत अधिकार आता ५२८ झाले. भारतीय दंड विधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ३०२ आहे, पण ते कोणाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या उद्देशाने शब्द उच्चारण्याबद्दल. खुनाची शिक्षा १०३ मध्ये गेली. आणि ४२० हा क्रमांकच उरला नाही, कारण ती संहिता ३५८ ला संपते. फसवणूक आता ३१८ च्या चौथ्या उपकलमात आहे.

जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवणारी माझी एक मैत्रीण आहे. तिच्या टेबलावर जुनी आणि नवी अशी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी असतात आणि पुढची अनेक वर्षं ती तशीच असणार आहेत. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड विधानच लागू आहे. गुन्हा जूनमधला आणि तक्रार जुलैमधली असेल, तर गुन्ह्याची कलमं जुन्या कायद्यातली आणि तपासाची पद्धत नागरिक सुरक्षा संहितेतली. एकाच कागदावर दोन क्रमांकपद्धती नांदतात. हे सगळं ती सराईतपणे सांभाळते. तिला जास्त वेळ लागतो तो माणसांना समजावण्यात. एका आरोपीच्या आईनं तिला विचारलं होतं, "वकीलबाई, एकशे तीन म्हणजे तीनशे दोनपेक्षा कमी का हो?" त्या बाईंना आकडा लहान झाल्यावर शिक्षाही लहान झाली असेल अशी आशा वाटली होती. मैत्रिणीनं मला हे सांगितलं तेव्हापासून क्रमांक बदलणं ही कारकुनी बाब आहे असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालतो.

क्रमांक का बदलले, यालाही कारण आहे आणि ते मला पटतं. १८६० च्या दंड विधानात ५११ कलमं होती आणि त्यांचा क्रम एकोणिसाव्या शतकातल्या राज्यकर्त्यांच्या अग्रक्रमाचा होता. राज्य, सैन्य, सार्वजनिक शांतता, नाणी आणि मुद्रांक हे आधी. माणसाच्या शरीरावर होणारे गुन्हे जवळजवळ तीनशेनंतर. न्याय संहितेत स्त्रिया आणि बालकांविरुद्धचे गुन्हे ६३ व्या कलमापासून सुरू होतात आणि लगेच पुढे, शंभरपासून, शरीराविरुद्धचे गुन्हे येतात. आधी काय आणि नंतर काय, हे सांगायचा हक्क प्रत्येक पिढीला असायलाच हवा.

पण क्रम बदलताना आणखी एक गोष्ट गेली. जुन्या कायद्यात अक्षर जोडलेलं कलम दिसलं की ते मागाहून आलंय हे न सांगता कळायचं. १२४-अ म्हणजे राजद्रोह १८७० मध्ये घातला गेला. टिळकांवर १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये तेच कलम लावलं. कटाचं १२०-ब १९१३ मधलं. सासरच्या छळाचं ४९८-अ १९८३ मधलं, हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ मधलं. पाठलाग, चोरून चित्रण यांसाठीची ३५४-अ ते ३५४-ड ही कलमं २०१३ मधली. प्रत्येक अक्षरामागे कोणाचा तरी लढा आहे, किंवा कोणाची तरी सत्ता. आज छळाचं कलम ८५ आहे आणि हुंडाबळीचं ८०. सरळ, स्वच्छ आकडे. ते जणू पहिल्या दिवसापासून तिथेच होते असं वाटतं, आणि ते तिथे यावेत म्हणून रस्त्यावर उतरलेल्या बायकांची खूण त्या आकड्यात आता दिसत नाही.

संविधानाकडे मी या बाबतीत फार आदराने बघतो. त्याचेही क्रमांक बदलले, पण योग्य वेळी: लोकांच्या हाती जाण्याआधी. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ३१५ कलमं होती, २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं त्या संविधानात ३९५. मधल्या काळात घातलेली, वगळलेली, जोडलेली सगळी कलमं शेवटी ओळीत लावून नव्याने मोजली गेली. त्यामुळे संविधान सभेतल्या चर्चा वाचताना आजही बोटाशी दोन आकडे धरावे लागतात. ९ डिसेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी ज्या कलमाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं ते त्या दिवशी कलम २५ होतं. आपण त्याला ३२ म्हणून ओळखतो, आणि आजचं २५ धर्मस्वातंत्र्याचं आहे. अस्पृश्यता नष्ट करणारं १७ तेव्हा ११ होतं. समान नागरी कायद्याचं ४४ तेव्हा ३५ होतं. ३७० चर्चेला आलं तेव्हा ३०६-अ होतं. अभ्यासकाला याचा थोडा त्रास होतो, पण नागरिकाला काडीचाही झाला नाही, कारण तोपर्यंत ते क्रमांक कोणाच्या दाव्यात, कोणाच्या निकालात, कोणाच्या तोंडात गेलेले नव्हते.

२६ जानेवारी १९५० नंतर मात्र हात आखडता घेतला गेला. शिक्षणाचा हक्क २१ च्या पाठीला २१-अ होऊन बसला, २२ ला पुढे ढकललं नाही. मूलभूत कर्तव्यं ५१-अ झाली. मालमत्तेच्या हक्काचं कलम ३१ चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, १९७८ मध्ये, काढून टाकलं. आज तिथे फक्त ते वगळल्याची नोंद आहे आणि पुढे ३१-अ, ३१-ब, ३१-क जागच्या जागी उभी आहेत. मूळ कलम गेलं, त्याच्या आधाराने आलेली राहिली. संविधानाच्या सहाव्या भागानंतर एकदम आठवा येतो, कारण सातवा १९५६ मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेत गेला. नवव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानाला जोडलेल्या कायद्यांच्या यादीत, दुसऱ्या क्रमांकावर आपला कुळकायदा आहे, १९४८ चा मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा. त्याच यादीत ८७, ९२ आणि १३० या नोंदी वगळलेल्या आहेत. क्रमांक आहेत, समोर काही नाही. आणि २५७ नंतर एक २५७-अ आहे. अशी यादी पाहून कोणाला ती विस्कटलेली वाटेल. मला ती प्रामाणिक वाटते.

अर्थात संविधानाने रिकामी जागा पुन्हा कधीच वापरली नाही असं नाही. १९५६ मध्ये रिकामा झालेला नववा भाग आणि २४३ हा क्रमांक त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीत पंचायतींना दिला गेला. सिक्कीमसाठी आलेली दहावी अनुसूची वर्षभरात गेली आणि १९८५ मध्ये त्याच क्रमांकावर पक्षांतरबंदी आली. इथे मी तक्रार करत नाही. जुना २४३ अंदमानसारख्या प्रदेशांच्या कारभाराबद्दल होता. पंचायती आल्या तोपर्यंत तो क्रमांक रोजच्या वापरातून कधीच उतरला होता. पुनर्वापराला माझा सरसकट विरोध नाही. क्रमांक अजून कोणाच्या हातात आहे का, एवढंच आधी बघायला हवं.

प्राप्तिकराचंही हेच चालू आहे. १९६१ च्या कायद्यात अक्षरं इतकी वाढली होती की ११५-बीएसी, ८०-टीटीबी असे क्रमांक लिहावे लागत होते. तिथे नवी मांडणी हवीच होती. २०२५ च्या कायद्यात ५३६ कलमं आहेत आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. पगारदार मराठी घरांत मार्च महिना ज्या ८०-सी भोवती फिरायचा, ते आता १२३.

माझा स्वतःचा व्यवसाय डेटाबेसचा. पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, लहान कारखाने यांची जुनी माहिती नव्या प्रणालीत आणून बसवायची, हे बरचसं काम. या कामात क्रमांकांबद्दल जेवढं ऐकायला मिळतं तेवढं दुसऱ्या कशाबद्दल मिळत नसेल.

एका पतसंस्थेचे मॅनेजर मला म्हणाले होते, "साहेब, नवीन सॉफ्टवेअर येतंयच तर एवढं एक करून द्या. सभासद क्रमांक एकपासून ओळीनं लावून द्या. मधे मधे किती गाळलेत बघा." नोंदवही उघडली तर खरोखरच गळती भरपूर होती. काही सभासद वारले, काहींनी राजीनामे दिले, काहींचे शेअर वारसांच्या नावावर नव्या क्रमांकाने गेले. मॅनेजरांना ते अव्यवस्थेचं लक्षण वाटत होतं, आणि त्यांचा हेतू संस्था नेटकी दिसावी हाच होता.

आम्ही दोघांनी बसून एक यादी केली: सभासद क्रमांक कुठे कुठे लिहिलेला आहे? संगणकात तर आहेच. सभासदांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना आय मध्ये, आहे. भागदाखल्यावर आहे, आणि तो सभासदाच्या कपाटात आहे. पासबुकावर आहे. कर्जरोख्यावर आहे. जामीनदारानं सही केलेल्या संमतिपत्रावर कर्जदाराचा आणि जामीनदाराचा असे दोन आहेत. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली मिळालेल्या वसुली दाखल्यांवर आहे. यातली संगणकातली नोंद मी एका रात्रीत बदलू शकतो. बाकीच्या कागदांपर्यंत माझा हात पोचत नाही. उद्या सभासद ३४० चा ३१२ झाला आणि पूर्वीचा ३१२ दुसराच कोणी थकबाकीदार असला, तर वसुली दाखला कोणाच्या दारात नेणार? यादी संपायच्या आत मॅनेजरांनीच पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आमचे एक आजोबा आहेत. काउंटरवर नाव सांगत नाहीत. 'एकशे सतरा' एवढंच म्हणतात." संस्था सुरू झाली तेव्हाचे ते सभासद. त्यांचा तो क्रमांक म्हणजे संस्थेतलं त्यांचं वय होतं.

तोडगा साधा होता. वार्षिक सभेच्या यादीत पहिल्या रकान्यात अनुक्रमांक: एक, दोन, तीन, एकही न गाळता, दर वर्षी नव्याने मोजलेला. दुसऱ्या रकान्यात सभासद क्रमांक: गाळलेल्या जागांसकट, कधीही न बदलणारा. ओळीतली जागा दाखवायचं काम एकाचं आणि माणूस ओळखायचं काम दुसऱ्याचं. माझ्या अनुभवात क्रमांकांचे जेवढे घोळ निस्तरावे लागतात, त्यातले बहुतेक ही दोन कामं एकाच आकड्यावर लादल्यामुळे झालेले असतात. ओळखीचा आकडा सुंदर दिसावा अशी अपेक्षा ठेवली की तो बदलावासा वाटतो, आणि क्रमाचा आकडा ओळख म्हणून बाहेर दिला की तो बदलता येत नाही.

डेटाबेस घडवणाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं. म्हणून प्रत्येक नोंदीला आत एक असा क्रमांक देतात, ज्याला बाहेर काहीच अर्थ नसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नोंद घालायला सुरुवात केली, क्रमांक मिळाला आणि मधेच व्यवहार रद्द झाला, तर तो क्रमांक परत येत नाही; पुढच्याला पुढचाच मिळतो. नवीन मुलं हे पाहून बिचकतात, क्रमांक वाया गेला म्हणतात. दोन माणसं एकाच क्षणी नोंद करत असताना कोणालाही थांबावं लागू नये, म्हणून तो मुद्दाम सोडलेला असतो. याच्या उलट मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-पद्धतीत पूर्वी शेवटची नोंद पुसून सर्व्हर बंद करून चालू केला, की तोच क्रमांक पुढच्या नव्या नोंदीला मिळायचा, कारण मोजणी फक्त मेमरीत ठेवलेली असायची. २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीने ते बदललं. पुसलेल्या बिलाचा क्रमांक दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बिलाला मिळणं म्हणजे काय, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही.

आणि क्रमांक सरकवायचेच असतील तर त्याचीही एक रीत आहे. दोन नोंदींना एकच क्रमांक चालणार नाही अशी अट असलेल्या तक्त्यात सगळ्यांना एक-एक घर पुढे न्यायचं, तर सुरुवात शेवटापासून करावी लागते. पंगतीत मधे एक पाट मांडायचा असेल तर शेवटचा माणूस आधी सरकतो, तसं.

शाळेत संगणक पहिल्यांदा हाताळला तेव्हा जीडब्ल्यू-बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा होती. प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावाच लागायचा, आणि सर सांगायचे की १०, २०, ३० असे द्या, मधे जागा ठेवा. काहीतरी सुचेलच नंतर, तेव्हा २५ लिहिता येईल. सगळ्या जागा भरल्या की 'रीनम' ही आज्ञा होती. ती सगळ्या ओळी पुन्हा दहा-दहाच्या अंतराने लावायची आणि 'गोटू ८०', 'गोसब २००' असे, म्हणजे त्या ओळीवर जा असे, जिथे जिथे उल्लेख असतील तेही शोधून बदलायची. एखादा उल्लेख अस्तित्वात नसलेल्या ओळीकडे बोट दाखवत असेल तर 'अनडिफाइंड लाइन' म्हणून त्या दोन्ही ओळींचे क्रमांक पडद्यावर आणायची. मला ती आज्ञा आजही आदर्श वाटते. ती नुसते आकडे बदलत नव्हती. बदलाचे परिणाम कुठे कुठे पोचतात ते पाहून, जे जुळलं नाही ते उघड सांगत होती. तिची हद्दही मात्र स्पष्ट होती. प्रोग्राममध्येच शेरा म्हणून लिहिलेलं 'ओळ १५० बघा' तसंच राहायचं. वहीत उतरवलेलं तसंच राहायचं. फळ्यावरचंही.

वर्डमधले आपोआप बदलणारे परिच्छेद क्रमांक हीच हद्द पाळतात. करारनाम्यात मधे एक कलम घातलं की पुढची सगळी सरकतात आणि नीट जोडलेले संदर्भही अद्ययावत करता येतात. ज्यानं हाताने 'कलम ७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे' टाइप केलंय, त्याचं सात तिथेच राहतं.

काही बदल फार चांगले केलेले असतात. २० डिसेंबर २०१० ला रेल्वेने चार आकडी गाड्यांचे क्रमांक पाच आकडी केले, तेव्हा डेक्कन क्वीनची २१२३ ची १२१२३ झाली. नव्या क्रमांकात जुना जसाच्या तसा राहिला. पाठ असलेल्यांना फक्त पुढे एक लावायचा होता. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित टपाल अधिकाऱ्याने आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, आणि त्यानंतर छत्तीसगड वेगळं झालं, तेलंगण वेगळं झालं, आपल्याकडे २०१४ मध्ये पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, तरी तिथल्या माणसांच्या पत्त्यातले सहा आकडे तेच राहिले. ते क्रमांक राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या सीमेला बांधलेलेच नव्हते.

दादर स्थानकाचं काम अवघड होतं. पश्चिम रेल्वेचा एक नंबर आणि मध्य रेल्वेचा एक नंबर, असे एकाच स्थानकात दोन एक नंबर. 'एक नंबरला भेट' म्हटल्यावर 'कुठल्या?' हे ठरलेलं. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ ते १४ झाले. मध्यचा दोन नंबर एकला जोडून आधीच बंद झाला होता, त्यामुळे एकचा आठ झाला पण तीनचा नऊ. सात मिळवा किंवा सहा मिळवा असा एकच हिशेब चालत नाही. शिवाय मध्यचा पूर्वीचा आठ आता चौदा आहे. माझ्या मते हा बदल गरजेचाच होता. लांब पल्ल्याची गाडी पकडायला सामान घेऊन धावणाऱ्या, पहिल्यांदाच मुंबईत आलेल्या माणसासाठी तो केलेला आहे, आणि रोजच्या प्रवाशाने त्याच्यासाठी थोडी सवय मोडणं रास्त आहे.

पण क्रमांक बदलण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं काम संगणकावर झालेलं नाही. ते आमच्या शेतांवर झालं, १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली. विखुरलेले तुकडे एकत्र करायचे, लागवडीला परवडेल एवढं क्षेत्र एका जागी आणायचं, ही कल्पना होती. एकत्रीकरण योजना राबवली त्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावातही आले, माझ्या जन्माच्या आधी.

काकांचा फोन आला. "तुझं काम नंबरांचंच ना? मग एकदा येऊन जा." त्यांच्याकडे आजोबांनी केलेलं जुनं खरेदीखत होतं, त्यावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा. हातातल्या सातबाऱ्यावर गट नंबर. वाटप करायचं तर हे दोन कागद एकाच जमिनीचे आहेत हे दाखवावं लागणार होतं. क्षेत्रही जुळत नव्हतं, कारण एकीकडे एकर-गुंठे आणि दुसरीकडे हेक्टर-आर. आणि आकार, म्हणजे शेतसारा, एकीकडे रुपये-आण्यांत होता.

मी पहिल्यांदा समजलो होतो की एका जुन्या नंबराला एक नवा असेल. तसं नसतं. एका सर्व्हे नंबरातले हिस्से तीन गटांत गेलेले असू शकतात आणि एका गटात चार सर्व्हे नंबरांचे तुकडे आलेले असू शकतात. माझ्या धंद्यात अशा नात्यासाठी मधे एक स्वतंत्र तक्ता करतात, ज्यात प्रत्येक ओळीत एक जुना, एक नवा आणि त्या दोघांत वाटलेलं क्षेत्र. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात आम्हाला मिळालं ते नेमकं तसंच पत्रक होतं. जुना सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, आकार, आणि समोर नवा गट. बोरूसारख्या ठसठशीत अक्षरात, हाताने आखलेल्या रेघांत. संगणक नसलेल्या काळात, बांधाबांधावर फिरून, भांडणाऱ्या भाऊबंदांचे जबाब घेऊन कोणीतरी ते भरलं होतं. त्या माणसाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटली. त्याच्यामुळे आमच्या आजोबांचं खरेदीखत अजून कागद म्हणून जिवंत होतं.

खरेदीखतात आणखी एक आधार होता: चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. नंबरावर पूर्ण भिस्त ठेवू नये हे तो दस्त लिहिणाऱ्यालाही माहीत होतं. ज्यांची नावं होती ती माणसं गेली, पण ओढा आणि गाडीवाट होती. काका तर नंबर घेतच नाहीत. त्यांच्या बोलण्यात 'वडाची पट्टी', 'खालची मळई', 'माळाचं' अशीच शेतं येतात. तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक गाथेगाथेत वेगळे असतात, म्हणून कीर्तनात कोणी क्रमांक सांगत नाही, पहिला चरण म्हणतात आणि टाळकरी पुढचं उचलतात. शेतांचंही तसंच.

पत्रक वाचताना विहीर सापडली. आजोबांनी घेतलेल्या हिश्श्यात विहिरीचा चौथा भाग होता. गट पाडताना विहीर शेजारच्या गटात गेली आणि आमचा चौथा हिस्सा त्या गटाच्या सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात नोंदला गेला. आमच्या सातबाऱ्यावर विहिरीचा उल्लेखच नव्हता. पाण्याची पाळी मात्र इतकी वर्षं बिनतक्रार चालू होती, कारण दोन्ही घरांच्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. त्यांच्यानंतर फक्त गट नंबर आणि आमचा उतारा पाहणाऱ्याला ते पाणी आपलं आहे हे समजलं नसतं.

महसुली दप्तराची एक शिस्त मला या शोधात कळली आणि मी ती आता माझ्या कामात उघडपणे उचलली आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावरून एखाद्याचं नाव कमी व्हायचं तेव्हा ते पुसलं जायचं नाही. त्याला कंस पडायचा आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत, तो फेरफार उघडला की का, कधी, कोणाच्या सांगण्यावरून हे मिळतं. नामंजूर झालेल्या फेरफाराचाही क्रमांक राहतो, तो दुसऱ्याला दिला जात नाही. आता संगणकीकृत उताऱ्यावर कंसाऐवजी नावावर आडवी रेघ येते, पण नाव वाचता येतं. मी नवीन प्रणाली बसवतो तेव्हा आता प्रत्येक तक्त्यात 'जुना क्रमांक' असा रकाना ठेवतो, आणि तो छापील पावतीवरही आणतो. संस्थाचालक विचारतात, किती दिवस? मी म्हणतो, जोवर जुना क्रमांक लिहिलेला एकही कागद कोणाच्या घरात आहे तोवर. न्याय संहितेची आणि प्राप्तिकराची प्रत्येक नोटीस नव्या कलमाशेजारी जुनं कलम छापून यावी, निदान एक पिढी उलटेपर्यंत, असं मला वाटतं. मैत्रिणीला विचारणाऱ्या त्या आईला ते कागदावरच दिसलं असतं.

काकांच्या वाटपाची मोजणी आता व्हायची आहे. गटाचे तीन हिस्से पडतील, आणि गट नंबरापुढे तिरकी रेघ देऊन एक, दोन, तीन असे नंबर येतील. पहिल्या दोघांत रस्त्याकडची बाजू कोणाकडे यावर अजून बोलणी चालू आहेत. विहिरीच्या चौथ्या हिश्श्याचे तीन भाग कसे लिहायचे, हा प्रश्न मोजणीदारांना विचारायचा आहे. मी त्या पत्रकाच्या चार सही-शिक्क्याच्या नकला काढल्या आहेत, तिन्ही चुलतभावांना एकेक आणि शेजारच्या गटवाल्यांना एक, कारण 'इतर अधिकार' त्यांच्या उताऱ्यावर आहे.